खुर्चीवाल्याचं धनुष्य

४ फेब्रुवारी

मावशी,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर हळू बोलायचंय, म्हणून पत्र लिहितेय. यातलं आईला काही सांगू नकोस. आईच्या कानावर गेलं की ते संध्याकाळपर्यंत सासरी पोचतं.

सासऱ्यांनी मला धनुष्य करून दिलंय. स्वतःच्या हातांनी, अख्ख्या एका लाकडातून. तुला ठाऊक आहे, त्यांनी जन्मभर खुर्च्या केल्या. सासूबाई गेल्यापासून कामाच्या खोलीला कुलूप होतं. मग डिसेंबरात एक दिवस आतून रंध्याचा आवाज यायला लागला. मी दाराशी उभी राहून ऐकत होते, पण आत डोकवायचा धीर झाला नाही. महिन्याभरानं त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "तू पूर्वी बाण मारायचीस ना, मग मार." एवढंच. आणि पुन्हा खोलीला कुलूप.

मावशी, दिसायला ते इतकं सुंदर आहे की भिंतीवर लावावं. आणि खरं सांगू का, ते भिंतीवरच लावावं. ओढताना खांदा निखळतो आणि बाण मात्र तीस पावलांवर नाक घासतो. सोडल्यावर मनगटाला असा झटका बसतो की दात वाजतात. टोकं केवढी जाड! धनुष्य कमी आणि टेबलाचा पाय जास्त.

ते विचारतात, "कसं चालतं?" मी म्हणते, "छान." दुसरं काय म्हणणार?

खरी अडचण पुढेच आहे. नवऱ्याचं म्हणणं, ती खोली रिकामी करून तिथं गाडी लावू, बाबांना रोज ते बंद दार बघायला नको. त्यावर सासरे म्हणाले, "धनुष्य नीट चाललं तर बघू. नाही तर हत्यारं देऊन टाका. हाताला आता समजत नाही." एप्रिलमध्ये आमच्या क्लबात लाकडी धनुष्यांचा सामना आहे, तो बघायला ते येणार आहेत. तिथं माझा बाण तीस पावलांवर पडला की ती खोली गेली म्हणून समज, आणि खोलीबरोबर तेही गेले असं मला वाटतं.

त्यांना कळू न देता हे धनुष्य सुधारता येईल का? ते दुपारी वाचनालयात जातात, मी तोवर चष्म्याच्या दुकानातून परत आलेली असते. तेवढा वेळ मिळतो. तू इतकी धनुष्यं केलीस, सांग काय करू.

तुझी भिंगरी

—

११ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझ्या सासऱ्यांची चूक नाही. ज्या माणसानं जन्मभर वस्तू वाकू नये म्हणून काळजी घेतली, तो एकदम वाकणारी वस्तू कशी करेल? लाकूड जरा कुरकुरलं की ते रंधा खाली ठेवत असतील.

आता नीट वाच आणि शहाणपणा करू नकोस. मुठीच्या वर एक पातं, खाली एक पातं. दोन्ही सारखी वाकायला हवीत. धनुष्याची तुझ्याकडची बाजू म्हणजे पोट, समोरची म्हणजे पाठ. पाठीला हत्यार लावलंस तर धनुष्य तुझ्या तोंडावर मोडेल आणि वर मी तुला पत्रातून बोलेन ते वेगळं. तासायचं फक्त पोटाकडून.

आधी दोन्ही टोकं डाव्या-उजव्या कडांनी बारीक कर. जड टोकांमुळेच झटका बसतो. मग दोरी लावून आरशासमोर ओढून बघ, कुठलं पातं आखडलंय. जे आखडलंय त्याच्या पोटावरून फुटलेल्या काचेच्या धारेनं खरवड, अगदी थोडं. मग वीस-पंचवीस वेळा अर्धं ओढ, म्हणजे लाकडाला कळतं आपल्याकडून काय अपेक्षा आहे. मग पुन्हा बघ. घाई केलीस तर संपलं, काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

आणि "छान" म्हणालीस ते बरं केलंस की वाईट, ते मला ठरवता येईना.

मावशी

—

२० फेब्रुवारी

मावशी,

मला काही कळेनासं झालंय.

तू सांगितलंस तसं केलं. टोकं बारीक केली, झटका निम्म्यानं कमी झाला. आरशात बघितलं तर खालचं पातं दगडासारखं होतं आणि वरचं थोडं तरी वाकत होतं. म्हणून खालचं खरवडलं. दोन दुपारी मागच्या दाराच्या पायरीवर बसून काम केलं, भुसा कुंड्यांत टाकला, धनुष्य परत पॅसेजमधल्या खुंट्यांवर टांगलं. दोन्ही पाती जवळजवळ सारखी झाली होती, मी खूश.

दोन दिवसांनी ओढलं तर वरचं पातं जास्त वाकतंय! वरच्याला मी हातसुद्धा लावलेला नाही. मग त्याच्याशी बरोबरी करायला खालचं आणखी खरवडलं. परवा बघते तर पुन्हा वरचं जास्त. टोकंसुद्धा मी केली होती त्याहून बारीक वाटतात. लाकूड आपोआप झिजतं का? की दमटपणानं असं होतं? बाण आता पन्नास पावलं जातो, ते चांगलं, पण धनुष्य दिवसेंदिवस हलकं पडत चाललंय. आधी खांदा निखळायचा, आता मी बोलता बोलता ओढू शकते.

भिंगरी

—

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

लाकूड फुगतं, आकसतं, तडकतं, रुसतं. झिजत नाही. पंचवीस वर्षांत माझं एकही धनुष्य खुंटीवर टांगल्या टांगल्या बारीक झालेलं नाही. तसं होत असतं तर मी सुद्धा खुंटीवर टांगून घेतलं असतं.

तू एका बाजूला खरवडतेस आणि दुसरीकडे बघतेस, असं तर नाही ना? आरशात उलटसुलट होतं का काही? चष्म्याच्या दुकानात काम करतेस, एकदा स्वतःचे डोळे तपासून घे. आणि कृपा करून हात आवर. वजनकाट्याचा हूक दोरीला लावून रोज ओढून बघ, किती भरतं ते मला कळव.

मावशी

—

५ मार्च

मावशी,

डोळे तपासले. उत्तम आहेत.

काटा रोज लावतेय. सोमवारी जे भरलं त्याहून गुरुवारी कमी भरलं, आणि मधल्या दिवसांत मी धनुष्याला कापडसुद्धा लावलेलं नाही. तुला खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी इथं भुताखेताच्या गोष्टी सांगत नाहीये. माझ्या हातात आहे ते सांगतेय.

रात्रीच्या जेवणाला सासरे परत म्हणाले, "कसं चालतं?" मी म्हटलं, "छान." ते म्हणाले, "हो का," आणि ताटात बघत बसले. मला रडू आलं, मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. सामन्याला महिना राहिलाय.

भिंगरी

—

६ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ असावी. लग्नात तुमची भेट झाली होती, तेव्हा तुम्ही मंडपातल्या खुर्च्यांना नावं ठेवली होती. त्या माझ्या नव्हत्या, भाड्यानं आणलेल्या होत्या. ते तेव्हा सांगायचं राहून गेलं.

आता काम सांगतो. मी सुनेला एक धनुष्य करून दिलं आहे. ते वाईट झालं आहे. ती "छान" म्हणते, पण मी एकदा क्लबाच्या कुंपणाबाहेर उभा राहून पाहिलं. बाण पडला की ती आधी इकडेतिकडे बघते, कुणी पाहिलं का म्हणून. मला वाईट वाटेल म्हणून पोरगी त्या ओंडक्यानं खांदा मोडून घेईल, पण बोलणार नाही.

म्हणून सकाळी ती दुकानात गेली की मी खोली उघडतो, धनुष्य खुंटीवरून काढतो आणि जिथं जाड वाटेल तिथं थोडं तासतो. ती यायच्या आत परत टांगतो. पण काहीतरी बिघडलं आहे. मी एक पातं सारखं करतो, तर आठ दिवसांत दुसरं नरम झालेलं असतं. इतकी वर्षं लाकडात काढली, असं लाकूड पाहिलं नाही. की हे माझ्या हातांचंच आहे, ते समजत नाही.

तुम्ही जाणकार आहात, मार्ग सांगा. सुनेला हे कळता कामा नये, एवढी विनंती.

आपला व्याही

—

१३ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

खुर्च्यांबद्दल माफी मागते. माझी पाठ तेव्हापासून दुखतेय, पण तो दोष तुमच्या नावावरून पुसला.

तुमचे हात ठणठणीत आहेत. लाकूडही चांगलं आहे. यापेक्षा जास्त मला विचारू नका. आता एवढंच करा: यापुढे फक्त वरच्या पात्याला हात लावा. खालच्याकडे ढुंकूनही बघू नका. रंधा नको, पटाशी नको, बारीक कागदानं घासा, पोटाकडून, आणि दिवसाआड. खालच्याचं मी बघते. म्हणजे ते आपोआप जमेल.

सुनेला मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगितलंत तर मात्र माझी हरकत नाही.

तुमची विहीण

—

१३ मार्च

भिंगरे,

तुझ्या डोळ्यांवर शंका घेतली ते चुकलं. रागावू नकोस. तू म्हणतेस ते मला आता खरं वाटतं. का वाटतं ते विचारू नकोस, मी कुणाला दिलेल्या एका शब्दात अडकलेय आणि तो शब्द काही मला नीट झोपू देत नाही.

यापुढे फक्त खालचं पातं. बारीक कागद, दिवसाआड. वरच्याला काहीही झालेलं दिसलं तरी तू लक्ष द्यायचं नाहीस, ते आपलं आपण सुधारेल. कसं, ते लाकडाला माहीत.

मावशी

—

२३ मार्च

मावशी,

सगळं संपलं.

तू सांगितलंस तेच केलं, खालचंच पातं घासलं, आणि तेही किती जपून! आज ओढलं तर खालचं पातं मधोमध गुडघ्यासारखं दुमडतंय आणि वरचं ताठ उभं. काट्यावर बघायचीसुद्धा लाज वाटली. तू म्हणालीस वरचं आपोआप सुधारेल. वरचं जसंच्या तसं आहे! त्या पात्यात एक छोटी गाठ आहे, डोळ्यासारखी. ती वर छान दिसते म्हणून मी पहिल्या दिवसापासून गाठ वरच ठेवते, आणि आता ओढताना ती गाठ माझ्याकडे बघून हसते आहे असं वाटतं.

सामना पंधरा-वीस दिवसांवर आलाय. नवऱ्यानं कालच खोलीतल्या फळ्या उचलायला माणसं बघतो म्हटलं. सासरे ताट घेऊन उठले. मी काय बोलू?

भिंगरी

—

२४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्त वरचं पातं घासलं. ते आता कामातून गेलं आहे. खालचं तसंच आहे. त्यात गाठ आहे म्हणून मी करतानाच ते खाली धरलं होतं, गाठीचं लाकूड बळकट असतं, पायासारखं खाली बरं.

मला वाटतं माझंच चुकलं. तुम्हाला न विचारताही मला समजायला हवं होतं. हत्यारं मुलाच्या एका ओळखीच्या माणसाला देईन म्हणतो. तो जपून वापरेल.

आपला व्याही

—

२९ मार्च

भिंगरे आणि व्याहीबुवा,

पाकिटावर दोघांची नावं आहेत. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं उठून जायचं नाही.

तुम्हा दोघांच्या घरात एकच धनुष्य आहे आणि दोन महिने ते तुम्ही दोघंही तासताय. सकाळी सासरे, दुपारी सून. एकानं एक पातं नरम करायचं, दुसऱ्यानं चक्रावून दुसरं नरम करायचं. हे मला व्याह्यांचं पत्र आलं तेव्हाच कळलं, पण दोघांनीही सांगू नकोस म्हटलेलं, म्हणून मी हुशारी केली. एकाला वरचं पातं वाटून दिलं, एकाला खालचं. मनात म्हटलं, कुणाला न दुखवता काम होऊन जाईल. तर एकजण गाठ वर धरतो आणि एकजण खाली! तुम्ही दोघंही अत्यंत आज्ञाधारकपणे एकाच पात्याच्या मागे लागलात. बरोबर उत्तरं देऊन चुकीचं काम कसं करायचं ते कुणी माझ्याकडून शिकावं. लाकडाचा दोष नाही, हातांचा नाही, डोळ्यांचा तर नाहीच. दोष माझा, आणि थोडा तुमच्या त्या "छान"चा.

आता ऐका. ते वाया गेलेलं नाही. बिनगाठीचं पातं टोकाकडून तीन बोटं कापा आणि दोरीची खाच नव्यानं पाडा. पातं आखूड झालं की ताठ होतं. धनुष्यालाही गेलेला जोर बराचसा परत मिळेल. आखूड पातं खाली येईल, म्हणजे गाठ वर राहील. हा वाद इथंच मिटला. जिथं दुमडतंय तिथं पुन्हा कागदही लावायचा नाही, त्याच्या दोन्ही अंगांना खरवडायचं.

पण हे एकट्यानं होणार नाही. धनुष्य भिंतीवर मुठीपाशी अडकवायचं, दोरीला दुसरी दोरी बांधून ती खाली कप्पीतून घ्यायची. एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं खोलीच्या पलीकडच्या भिंतीला टेकून बघायचं की कुठं कमी, कुठं जास्त. जो ओढतो त्याला दिसत नाही, आणि जो बघतो त्यानं खरं बोलायला लागतं. बघणारा खोटं बोलला तर धनुष्य मोडतं. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, तसंच होतं.

मी आता मध्ये नाही. मला पत्रं पाठवू नका.

मावशी / विहीण

—

१९ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही पत्र पाठवू नका म्हटलं होतं, तरी पाठवतो.

पाकीट मी फोडलं, मोठ्यानं वाचायला लागलो. "सकाळी सासरे, दुपारी सून" इथपर्यंत आलो आणि सून स्वयंपाकघरात निघून गेली. पुढचं मी एकट्यानंच वाचलं, दारातून, तिला ऐकू जाईल असं. मग ती बाहेर आली. मी विचारलं, "खरं सांग, धनुष्य कसं होतं?" ती म्हणाली, "बाबा, भयंकर होतं." आणि रडायला लागली.

मला राग आला. खरंच आला, खोटं कशाला लिहू. मी म्हटलं, मग जानेवारीत का नाही बोललीस? ती म्हणाली, तुम्ही तरी का नाही बोललात? मी म्हटलं, मी तासत होतो. ती म्हणाली, मी काय करत होते मग? आमचे आवाज इतके चढले की मुलगा बाथरूममधून तोंडाला साबण लावलेला तसाच धावत आला. त्याला काही केल्या समजेना की आम्ही कशावरून भांडतोय, आणि आम्हालाही ते त्याला समजावून सांगता येईना.

विहीणबाई, तुम्हाला एक सांगतो. आमची ही होती तेव्हा मी केलेली प्रत्येक खुर्ची आधी तिच्या बसण्याखालून जायची. बसायची, हलायची, आणि एक तरी खोट काढायचीच. पाठ टोचते, उजवा पाय डुगडुगतो, हात ठेवायची जागा चुकली. मी वैतागायचो. ती गेल्यापासून या घरात माझं काहीच चुकत नाही. मी चहा कडू केला तरी छान, भाजीत मीठ दोनदा टाकलं तरी छान. मुलगा-सून दोघं माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलतात. मला वाटायला लागलं होतं की आता आपल्याकडून काही चुकलं तरी कुणाला त्याचा फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली आणि दार उघडंच ठेवलं. तीन बोटं मी कापली. कापताना तिनं डोळे मिटून घेतले होते. भिंतीवर कप्पी ठोकली. आधी मी ओढलं, तिनं बघितलं. ती नुसती "हं, हं" करायला लागली. मी म्हटलं, विहीणबाईंनी काय लिहिलंय? मग ती म्हणाली, "मुठीजवळ अजून तुमची खुर्चीच आहे, बाबा." मग ती ओढायला लागली आणि मी बघायला. दोनदा आमचं पटलं नाही, एकदा तिचं बरोबर निघालं आणि एकदा माझं. सामन्याच्या आदल्या दिवशी धनुष्य एकसारखं वाकलं. मी पलीकडच्या भिंतीला टेकून बघतच राहिलो. ती विचारत राहिली, "कुठं कमी आहे? बाबा, कुठं कमी आहे?" शेवटी मी नुसता हात हलवला, कुठंच नाही म्हणून.

सामन्यात तिचा नंबर आला नाही. पण नव्वद पावलांवरच्या चकतीत सहा बाण लागले, आणि जो नाही लागला तो वाऱ्यानं गेला, धनुष्यानं नाही. हे मी तिथल्या पंचांनाही सांगितलं. ते म्हणाले, "धनुष्य कुणी केलं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तर ते गोंधळून दोघांच्याही तोंडाकडे बघत राहिले.

घरी येताना मुलानं विचारलं, मग त्या खोलीचं काय ठरलं, माणसांना कधी बोलावू. मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "खोली मिळणार नाही. यांचं पहिलं धनुष्य इतकं वाईट झालं होतं, चांगलं यायला अजून चार तरी करावी लागतील."

मला फार बरं वाटलं. ते कुणाला तरी सांगावं म्हणून हे पत्र.

आपला व्याही